घरी गणित अडतं तेव्हा: दहावीच्या बीजगणित-भूमितीचा गृहपाठ

दहावीतल्या एका मुलीच्या आईने विचारलं आहे: वर्गात शिकवलेलं मुलीला कळतं, फळ्यावर सोडवलेलं गणित पटतं, पण घरी सरावसंच घेऊन बसली की बीजगणितातली शाब्दिक उदाहरणं आणि भूमितीच्या सिद्धता अडतात. भूमितीत तर सुरुवातच सुचत नाही. थोडा वेळ वहीकडे बघत बसते, मग गाईड उघडते, उत्तर उतरवून काढते आणि ‘कळलं’ म्हणते. चाचणीत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. घरच्यांचं गणित यथातथाच, मग त्यांनी काय करावं?

आधी थेट उत्तर देते, मग उदाहरणं घेऊ. गाईड, क्लासच्या नोट्स किंवा फोटो काढला की उत्तर दाखवणारं मोबाईलवरचं ॲप, यांतलं काहीही उघडण्याआधी तिने वहीच्या समासात पेन्सिलने एक वाक्य लिहायचं: ‘अडलं ते इथे.’ आणि पुढे नेमकी जागा. ‘समजत नाही’ एवढं लिहून चालणार नाही. ‘क्ष कशाला मानू ते ठरत नाही’, ‘समीकरण झालं पण अवयव पडत नाहीत’, ‘हे दोन कोन सारखे असावेत असं वाटतं पण कारण सापडत नाही’ असं काहीतरी हवं. मी वर्षानुवर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवते. कितीतरी मुलांचं गणित हे वाक्य लिहिता लिहिताच सुटतं, कारण अडलेली जागा नेमकी सांगायची तर प्रश्न पुन्हा नीट वाचावा लागतो. ज्यांचं सुटत नाही त्यांना निदान गाईडमधली कोणती ओळ शोधायची ते माहीत असतं. ती एक ओळ बघायची, गाईड मिटायचं आणि पुढचं आपलं आपण. बाकी उत्तर कागदाने झाकून ठेवायचं. पूर्ण उत्तर वाचलं की प्रत्येक पायरी पटते, आणि पटलं म्हणजे आलं असा समज होतो. पुढची पायरी स्वतः निवडणं हे वेगळं काम आहे आणि उतरवताना ते होतच नाही.

आता बीजगणित. शाब्दिक उदाहरणात मुलं समीकरण सोडवताना कमी आणि मांडताना जास्त अडतात. वर्गसमीकरणांच्या प्रकरणात शोभेल असं हे घ्या: एक बस १८० किमी अंतर ठरावीक वेगाने जाते. तिचा वेग ताशी १५ किमी जास्त असता, तर तिला १ तास कमी लागला असता. बसचा वेग काढा.

‘बसचा वेग ताशी क्ष किमी मानू’ ही ओळ बहुतेक मुलं लिहितात आणि तिथेच थांबतात. इथे तक्ता करायचा. रकाने तीन: अंतर, वेग, वेळ. ओळी दोन: ‘प्रत्यक्षात’ आणि ‘वेग वाढला असता तर’. अंतर दोन्हीकडे १८०. वेग पहिल्या ओळीत क्ष, दुसऱ्या ओळीत क्ष + १५. वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, म्हणून १८०/क्ष आणि १८०/(क्ष + १५). तक्ता भरला. आता प्रश्नातलं कोणतं वाक्य अजून वापरलेलं नाही ते शोधायचं. ‘१ तास कमी’ हे शिल्लक आहे. समीकरण त्याच वाक्यातून येणार. शाब्दिक उदाहरणांत बहुतेक वेळा असंच असतं: काही माहिती चलांची नावं ठरवण्यात खर्च होते आणि उरलेल्या वाक्याचं समीकरण बनतं. दोन चलांची उदाहरणं असतील तर अशी दोन वाक्यं उरायला हवीत. एकच उरलं तर प्रश्नातलं काहीतरी वाचायचं राहिलं आहे.

मग प्रश्न येतो, कशातून काय वजा करायचं. हे पाठांतराने ठरवू नये. वेग कमी तेव्हा वेळ जास्त, म्हणून मोठी वेळ १८०/क्ष. तिच्यातून लहान वजा केली की १ तास उरतो:

१८०/क्ष − १८०/(क्ष + १५) = १

दोन्ही बाजूंना क्ष(क्ष + १५) ने गुणलं की १८०क्ष + २७०० − १८०क्ष = क्ष² + १५क्ष, म्हणजे क्ष² + १५क्ष − २७०० = ०. गुणाकार २७०० आणि फरक १५ अशा संख्या ६० आणि ४५. म्हणून (क्ष + ६०)(क्ष − ४५) = ०. वेग ऋण नसतो, म्हणून क्ष = ४५. ‘वेग ऋण नसतो’ हे कारण वहीत शब्दांत लिहिलंच पाहिजे. तोही उत्तराचा भाग आहे आणि मुलं तो हमखास गाळतात.

वजाबाकी उलटी केली असती तर क्ष² + १५क्ष + २७०० = ० आलं असतं. त्याचा विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) २२५ − १०८०० ऋण आहे, म्हणजे वास्तव मुळंच नाहीत. अशा वेळी अवयव पडत नाहीत म्हणून मूल अर्धा तास आकडे फोडत बसतं, चूक मात्र चार ओळी वर असते. अवयव लगेच पडले नाहीत तर आधी विवेचक काढायचा, हा नियम तिने पाळला तर असा अर्धा तास वाचेल. विवेचक ऋण आला आणि प्रश्नातली बस तर खरोखर धावते आहे, तेव्हा मांडणी पुन्हा तपासायची.

ताळा करायचा तो प्रश्नाच्या शब्दांत. ४५ च्या वेगाने १८० किमीला ४ तास, ६० च्या वेगाने ३ तास, एक तासाचा फरक. जमलं. पुष्कळ मुलं उत्तर आपल्याच समीकरणात ठेवून बघतात. पण समीकरणच चुकीचं मांडलं असेल, तर चुकीचं उत्तरही त्यात चपखल बसतं. ‘दोन अंकी संख्या’ या प्रकारात हे सर्रास दिसतं. दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य असेल तर संख्या १०क्ष + य. मूल ती क्षय अशी लिहितं, त्याचा अर्थ गुणाकार होतो, आणि पुढचं सगळं आपापसात जुळत जातं. मूळ प्रश्नात संख्या ठेवून बघितली की एका क्षणात कळतं.

अवयवांत जिथे हात घसरतो ती जागा जवळून दाखवते. ६क्ष² − १७क्ष + १२ = ० घ्या. ६ × १२ = ७२. गुणाकार ७२ आणि बेरीज −१७ हवी, म्हणून −८ आणि −९. मधलं पद फोडलं: ६क्ष² − ८क्ष − ९क्ष + १२. पहिल्या जोडीतून २क्ष(३क्ष − ४). दुसऱ्या जोडीत −९क्ष + १२ आहे. इथे मूल −३(३क्ष + ४) लिहितं, कारण डोळ्यांना + १२ दिसत असतो. −३ बाहेर काढला की आतलं चिन्ह पालटतं: −३(३क्ष − ४). दोन्ही कंस सारखे यायला हवेत. ते आले नाहीत तर पुढे जायचंच नाही, चिन्हाकडे परत यायचं. इथे (३क्ष − ४)(२क्ष − ३) = ०, मुळं ४/३ आणि ३/२.

हेच समीकरण मला आणखी एका रीतीने करायला फार आवडतं आणि चुणचुणीत मुलांना मी ती आवर्जून देते. पूर्ण वर्ग पद्धतीत आधी क्ष² च्या सहगुणकाने भागलं की अपूर्णांकांचं जंगल होतं. त्याऐवजी संपूर्ण समीकरणाला त्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचं. ही रीत जुने भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ती त्यांच्या नावानिशी नोंदवून ठेवली आहे. आपल्या समीकरणाला २४ ने गुणा: १४४क्ष² − ४०८क्ष + २८८ = ०. आता (१२क्ष − १७)² म्हणजे १४४क्ष² − ४०८क्ष + २८९. म्हणून (१२क्ष − १७)² = १. मग १२क्ष = १८ किंवा १६, आणि क्ष = ३/२ किंवा ४/३. मधे अपूर्णांक नाहीत, आणि उजवीकडे आलेला १ हाच विवेचक, २८९ − २८८. पाठ केलेलं सूत्र कुठून आलं ते तिला इथे आपोआप दिसेल.

राहिलेल्या दोन चुका पटकन सांगते. (अ + ब)² चे अ² + ब² करणं: शंका आली की २ आणि ३ ठेवून बघायचं, २५ आणि १३ सारखे नाहीत. दुसरी, क्ष² = ५क्ष मध्ये दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५ लिहिणं. यात शून्य हे मूळ हरवतं. चलाने भागायचं नाही, सगळं एका बाजूला आणून क्ष(क्ष − ५) = ० करायचं.

आता भूमिती. ‘सुरुवातच सुचत नाही’ ही तक्रार खरी आहे आणि तिला कारण आहे. बीजगणितात समीकरण मांडलं की पुढची पायरी बरीचशी ठरलेली असते. भूमितीत एका आकृतीतून दहा खऱ्या गोष्टी लिहिता येतात आणि त्यांतल्या दोनच कामाच्या असतात. म्हणून ‘पक्ष’ (जे दिलंय ते) लिहिल्यावर लगेच पुढे पळायचं नाही, ‘साध्य’कडून (जे सिद्ध करायचंय त्याच्याकडून) मागे यायचं. मला हे सिद्ध करायचं आहे, तर त्याच्या आधीची ओळ काय असू शकेल?

यासाठी तिच्याकडे एक यादी हवी, आणि ती तिने स्वतः करायला हवी. पाठ्यपुस्तकात प्रमेयं प्रकरणांप्रमाणे येतात. गृहपाठाला लागतात ती कामाप्रमाणे. वहीच्या शेवटच्या पानांवर मथळे टाकायचे: ‘दोन कोन समान दाखवायचे आहेत’, ‘दोन रेषाखंड समान’, ‘गुणोत्तरं समान’, ‘कोन काटकोन’, ‘रेषा समांतर’. आणि आठवीपासूनची प्रमेयं त्या त्या मथळ्याखाली. काटकोनाखाली काय येईल पाहा: अर्धवर्तुळातला आंतरलिखित कोन, स्पर्शिका आणि स्पर्शबिंदूतून जाणारी त्रिज्या, पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास, समभुज चौकोनाचे कर्ण, केंद्र आणि जीवेचा मध्य जोडणारा रेषाखंड, समद्विभुज त्रिकोणाच्या पायावरची मध्यगा, रेषीय जोडीतले दोन समान कोन. शिवाय एक साधी गोष्ट जी कुणी लिहीत नाही: त्रिकोणाचा एक कोन उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका असेल तर तो ९० अंशांचा. ही यादी करताना नववीचं पुस्तक उघडावं लागेलच. दहावीच्या भूमितीत अडणारी पुष्कळ मुलं खरं तर नववीच्या समांतर रेषा आणि चौकोनांतच अडलेली असतात.

वर्तुळ प्रकरणातलं ठेवणीतलं उदाहरण घेऊ. दोन वर्तुळं एकमेकांना बाहेरून म बिंदूत स्पर्श करतात. त्यांची एक सामाईक स्पर्शिका एका वर्तुळाला अ मध्ये आणि दुसऱ्याला ब मध्ये स्पर्श करते. कोन अमब काटकोन आहे हे सिद्ध करा.

आकृती अर्धं पान तरी व्यापेल एवढी काढायची, पेन्सिलने. आणि दोन वर्तुळं लहानमोठी काढायची. सारखी काढली तर रेषा अब केंद्रं जोडणाऱ्या रेषेला समांतर होते, आकृतीत नको तेवढी समतोल समानता दिसते आणि मूल ती दिलेली आहे असं धरून लिहू लागतं. त्रिकोणाचंही तेच. प्रश्नात समद्विभुज म्हटलेलं नसेल तर आकृती समद्विभुज दिसता कामा नये.

आता साध्याकडून मागे येऊ. काटकोन दाखवायचा आहे. यादी काढा. अर्धवर्तुळ? अब व्यास असलेलं वर्तुळ आकृतीत नाही. पायथागोरसचा व्यत्यास? लांबी दिलेल्या नाहीत. शेवटची साधी गोष्ट उरते: कोन म हा कोन अ आणि कोन ब यांच्या बेरजेइतका दाखवता आला तर झालं. म्हणजे कोन म चे दोन तुकडे करायचे, एक कोन अ एवढा, दुसरा कोन ब एवढा. समान कोन समद्विभुज त्रिकोणात मिळतात. म्हणजे अब वर असा एखादा बिंदू न हवा की नअ = नम आणि नम = नब. वर्तुळाबाहेरच्या एका बिंदूपासून समान रेषाखंड कुठे मिळतात? स्पर्शिकाखंडांच्या प्रमेयात. नअ ही स्पर्शिका आहेच. नम पण स्पर्शिका हवी. म्हणजे म मधून दोन्ही वर्तुळांची सामाईक स्पर्शिका काढायची आणि ती अब ला जिथे छेदते तो न. गाईडमध्ये ही रचना पहिल्याच ओळीत आकाशातून पडल्यासारखी येते, म्हणून मुलांना वाटतं की असं सुचायला वेगळी बुद्धी लागते. प्रत्यक्षात ती अशी मागून चालत आलेली असते.

मग लेखन अगदी थोडं. नअ = नम (स्पर्शिकाखंडांचे प्रमेय), म्हणून कोन नअम = कोन नमअ. तसंच नब = नम, म्हणून कोन नबम = कोन नमब. बेरीज केली की कोन अमब = कोन अ + कोन ब, आणि त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, म्हणून कोन अमब ९० अंश. प्रत्येक विधानापुढे कंसात कारण. कारण लिहिता येत नसेल तर ते विधान वहीत येऊ द्यायचं नाही, मग ते आकृतीत कितीही ढळढळीत दिसत असो.

ती रचना नाहीच सुचली तर? दुसरी वाट आहे. वर्तुळांची केंद्रं प आणि र. पअ आणि रब या त्रिज्या जोडा. दोन्ही अब ला लंब, म्हणून एकमेकींना समांतर, म्हणून कोन अपम आणि कोन बरम यांची बेरीज १८० अंश (आंतरकोन, स्पर्शवर्तुळांच्या प्रमेयाने प, म, र एकरेषीय असतात). त्रिकोण पअम आणि रबम समद्विभुज आहेत, त्यामुळे कोन पमअ आणि कोन रमब यांची बेरीज (३६० − १८०) भागिले २, म्हणजे ९०. प, म, र एका रेषेत असल्याने म जवळ उरलेला कोन अमब ९०. वर्तुळाच्या उदाहरणात काहीच सुचत नसेल तर केंद्र आणि स्पर्शबिंदू जोडून बघायचं, हा सल्ला पुष्कळदा लागू पडतो. आठवड्यातून एक उदाहरण तरी तिने अशा दोन वाटांनी सोडवावं. त्या एकातून जे हाती लागतं ते एकाच साच्यातली दहा उदाहरणं उरकून लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

समरूपतेबद्दल एकच सांगते. समलंब चौकोन अबकड मध्ये अब ∥ डक आणि कर्ण म मध्ये छेदतात, तेव्हा त्रिकोण अमब समरूप त्रिकोण कमड. क्रम असाच हवा, कारण अ चा जोडीदार क आहे आणि ब चा ड. क्रम बरोबर लिहिला की अम/कम = बम/डम हे आकृतीकडे न बघताही लिहिता येतं. क्रम चुकला की गुणोत्तर चुकतं.

आता तुमच्यासाठी. तुम्हाला गणित येत नसलं तरी तिच्या शेजारी बसून तीन प्रश्न विचारता येतील: काय दिलंय, काय काढायचंय, कुठे अडलंय. उत्तरं तिने वहीत न बघता तोंडी द्यायची. ‘एवढं सोपं कसं येत नाही’ हे वाक्य मात्र घरात नको. त्यानंतर मुलं अडलेली जागा लपवायला लागतात, आणि मग कुणालाच मदत करता येत नाही. एका उदाहरणाला १५–२० मिनिटं प्रामाणिकपणे द्यायची, नाही सुटलं तर समासातलं वाक्य लिहून पुढच्याकडे जायचं. गाईडची मदत घेतलेल्या प्रत्येक उदाहरणापुढे खूण करायची आणि दोन दिवसांनी ते कोऱ्या कागदावर, काहीही न बघता पुन्हा करायचं. हा दुसरा फेरा बहुतेक घरांत होतच नाही, आणि गाईडमधून उतरवलेलं तिथेच निसटतं. बोर्डाचे बीजगणित आणि भूमितीचे पेपर प्रत्येकी ४० गुणांचे आणि २ तासांचे असतात. त्यात रचना शोधत बसायला फार वेळ नसतो, म्हणून ही शोधाशोध आत्ता, घरी व्हायला हवी. समासातली वाक्यं आठवड्याने एकत्र वाचा. तीच जागा वारंवार दिसली, समजा ‘अवयव पडत नाहीत’, तर शाळेतल्या शिक्षकांकडे ती वही घेऊन जा. ‘गणित कच्चं आहे’ असं सांगण्यापेक्षा त्यांना त्या वाक्यांचा फार उपयोग होईल.

वरची दोन वर्तुळांची आकृती तिने पुसू नये. त्यात त्रिज्या ४ सेमी आणि ९ सेमी घेऊन तिला अब ची लांबी काढू द्या. लहान वर्तुळाच्या केंद्रातून अब ला समांतर रेषा काढून पायथागोरस लावला की अब² = १३² − ५² = १४४, म्हणजे अब १२ सेमी. मग त्रिज्यांना त आणि थ म्हणून तीच आकडेमोड करायला सांगा; अब² = ४तथ येईल. आणि ते जमलं की शेवटचा प्रश्न: या दोन वर्तुळांच्या आणि रेषा अब च्या मधल्या फटीत तिघांनाही स्पर्श करणारं एक छोटं वर्तुळ बसवलं, तर त्याची त्रिज्या किती? छोट्या वर्तुळाचा अब वरचा स्पर्शबिंदू १२ सेमीचे दोन तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याला आत्ताच मिळालेलं सूत्र लागू पडतं. उत्तर १.४४ सेमी यायला हवं.